एचपीव्ही लस: टोचायला शिकवलं, बोलायला कोण शिकवणार?

पाऊलवाट
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या या लशीचं प्रशिक्षण म्हणून आम्हाला शीतसाखळी (लस सतत थंड कशी ठेवायची), डोस, दंडावर कुठे टोचायचं, रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं, एवढं शिकवलं. पण आई जेव्हा विचारते, "सिस्टर, हिला पुढे मूल व्हायला अडचण नाही ना येणार?" तेव्हा काय बोलायचं, यावर एक मिनिटही नाही. मी "काही होत नाही हो" म्हणाले. बाई मुलीचा हात धरून निघून गेली. तिची भीती निराधार होती, पण मी ती ऐकूनच घेतली नाही. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, त्यात पाऊण लाखाहून जास्त जातात. माझं मत: नर्स, आशाताई, डॉक्टर सगळ्यांना बोलण्याचं प्रशिक्षण सक्तीचं करा.

उंबरठा
माझा विरोध आहे. "बोलण्याचं प्रशिक्षण" प्रत्यक्षात पटवण्याचं प्रशिक्षण होतं. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात हीच लस प्रकल्प म्हणून दिली. खम्मममध्ये आश्रमशाळांतल्या किती तरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. दोन्ही ठिकाणी मिळून सात मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असा चौकशीचा निष्कर्ष होता, आणि तो मला मान्य आहे. पण संमती ज्या तऱ्हेने घेतली, त्यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. आईची शंका हा काही आजार नाही, की औषध देऊन ती घालवावी.

बार्शीकर
दोघांनाही न आवडणारी गोष्ट सांगतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ३० दवाखान्यांत याची चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. काही डॉक्टरांना शिकवलं, लांबण न लावता "मुलगी या वयाची झाली, आज ही लस द्यायची आहे" असं सरळ सांगा. काहींना पालकांशी मोकळा संवाद करायला शिकवलं. सरळ सांगणाऱ्यांकडे शंभरातल्या सुमारे पाच जास्त मुलांनी लस घेतली, संवादवाल्यांकडे लक्षणीय फरक पडला नाही. मग दिवसाला पन्नास कामं असलेल्या सिस्टरवर तासभर समुपदेशन कशाला लादता?

उंबरठा
तिथे पालक नको म्हणून उठून जाऊ शकतात. आश्रमशाळेतल्या मुलीचे आईबाप तर समोरही नसतात. "आज द्यायची आहे" हेच वाक्य खम्मममध्ये चाललं होतं, बार्शीकर.

दवबिंदू
सिक्कीमने २०१८ मध्ये मोहीम घेतली, तेव्हा शिक्षक, आरोग्य कर्मचारी, पालक सगळ्यांशी आधी बोलणं झालं आणि मग सुई आली. ९५ टक्क्यांहून जास्त मुलींना लस मिळाली. उलट जपानने जून २०१३ मध्ये शिफारस थांबवली आणि ७० टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेलं. शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. सांगणारा गप्प बसला की भीतीच बोलते.

पाऊलवाट
बार्शीकर, मला तास नको, पाच मिनिटं हवीत, आणि त्या पाच मिनिटांत खरं काय बोलायचं ते हवं. आमच्याकडे सगळ्यात अवघड प्रश्न मूल होण्याचा नाहीच. "लग्नाआधी कशाला? माझी पोरगी तसली नाही." हा आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून बाईला वाटतं, आपल्या लेकीच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. आता मी म्हणते, "ताई, गोवराची लस आपण गोवर व्हायच्या आधीच देतो ना? ही पण विषाणू अंगात शिरायच्या आधीच द्यावी लागते. म्हणून नऊ ते चौदा." एवढ्यावर बऱ्याच जणी खाली बसतात. पण आधी विचारते, "तुम्ही काय ऐकलंय?" आणि कधीच शंभर टक्के म्हणत नाही. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या विषाणूच्या १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांमुळे होतात, आणि ही लस ते प्रकार अडवते. बाकीच्यांसाठी तिशीनंतर तपासणी करावीच लागते, हेही सांगते. हे मला कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत आलं. ज्या मुली त्या चुकांमध्ये राहून गेल्या, त्यांचं मला वाईट वाटतं.

बार्शीकर
गोवराचं उदाहरण पटलं. पण ते तुमचं एका वाक्यात झालं, दोन दिवसांची कार्यशाळा नाही लागली. तेवढंच शिकवा.

उंबरठा
पाऊलवाट, तुमच्यासारखं विचारणारी सिस्टर असेल तर मी माझ्या भाचीला स्वतः घेऊन येईन. पण माझी अट तशीच आहे. प्रशिक्षणात "नाही" हे उत्तर कसं लिहून घ्यायचं तेही शिकवा, आणि नाही म्हटलेल्या घरांवरून महिन्याच्या मीटिंगमध्ये सिस्टरला जाब विचारू नका. तो आकड्यांचा तगादा असेपर्यंत माझा विरोध राहील.