डोपामिन असं संपत नसतंय ओ

एकांनी लिहिलंय की पॉर्न बघून डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक रसायन, संपतं आणि मेंदू कायमचा बाद होतो. तसं नाही ओ. डोपामिन मजेपेक्षा ओढीचं काम जास्त करतं, म्हणजे मिसळ पुढ्यात यायच्या आधी कटाचा वास आला की जीव कासावीस होतो ना, तसलं, आणि इथं तर बोट फिरवलं की दरवेळी नवीन काहीतरी, त्यामुळं ओढ वाढत जाते, मजा मात्र तेवढीच, कधीकधी कमीच. २०१४ चा बर्लिनचा अभ्यास आहे, ६४ पुरुषांचे मेंदूचे स्कॅन, जास्त बघणाऱ्यांच्यात रिवॉर्डशी, म्हणजे बक्षीस मिळाल्यासारखं वाटण्याशी संबंधित एका भागात ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींचा करडा थर, कमी दिसलं, पण बघून कमी झालं की मुळात कमी म्हणून जास्त बघतात, हे त्यावरनं ठरत नाही.

माझा एक दोस्त रंकाळ्यावर बसून सांगत होता, हा असले व्हिडिओ चोरून बघायचा, बायको खोलीत आली की ह्याचा मोबाईल पालथा. तिला वाटलं बाहेर लफडं आहे. दोन महिने अबोला! शेवटी खरं सांगितलं तर म्हणाली, "व्हिडिओचं सोडा ओ, लपवत होता त्याचं लई लागलं."