मदत हवी आहे: पानशेत पुरावरच्या लेखाची मांडणी कशी करू?

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी १२ जुलै १९६१ च्या पुरावर लेख लिहितेय. शब्दमर्यादा १५००, वाचणारे बरेचसे बाहेरून पुण्यात आलेले, त्यामुळे नारायण पेठ नदीला किती लागून आहे हेही सांगावं लागतं. माहिती भरपूर आहे, जुनी कात्रणं आहेत, शेजारच्या आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड केल्यात, पण कच्चा खर्डा वाचला की नुसता ढीग वाटतो.

आधी सरळ काळानुसार लिहिलं, म्हणजे पानशेत धरण फुटलं, मग त्याच्या खालचं खडकवासला धरण, मग पुणे शहरात पाणी. पण मधेच पानशेत धरण मातीचं होतं, काम पूर्ण व्हायचं होतं हे समजवायला थांबलं की वेग मरतो, आणि ते आधी सांगितलं तर सुरुवातच कंटाळवाणी होते. मग विषयवार केलं: कारणं, पूर, नंतरचं पुनर्वसन. त्यात आजींची आठवण तीन तुकड्यात फाटली. पाणी चढताना त्यांनी धान्याचे डबे माळ्यावर टाकले, ओसरल्यावर घरभर चिखल, आणि शेवटी गोखलेनगरला बिऱ्हाड. हे सलगच वाचलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

परिच्छेदांच्या चिठ्ठ्या करून हलवून झाल्या, उपशीर्षकंही घालून पाहिली. भाषा, शुद्धलेखन बघायला माणूस आहे, आणि चौकट टाकायला पानावर जागा नाही.

तर ज्यांनी असे लेख लिहिलेत किंवा संपादित केलेत त्यांनी सांगा, आजींची गोष्ट सलग कणा म्हणून ठेवली तर धरणाची तांत्रिक माहिती नेमकी कुठे आणि एका वेळी किती घालायची?