परदेशातील आपल्या शहरात घालवलेली पहिली मोठी सुट्टी : सोलापूरकरांचे अनुभव

रेल्वे लाइन्स, सोलापूर
माझी भाची नोकरीसाठी म्युनिकला निघाली आहे आणि तिची तयारी पाहताना मला तिथला माझा पहिला ईस्टर आठवला. गुड फ्रायडेपासून सोमवारपर्यंत सलग सुट्टी होती आणि सहकारी आल्प्सकडे किंवा इटलीला निघाले होते, पण मी मात्र जिथे घरभाडे भरत होते ते शहरच आधी पाहायचे ठरवले. तोपर्यंत माझे म्युनिक घर, ऑफिस आणि त्यांच्यामधली भुयारी रेल्वे एवढेच होते. सोमवारी मारिएनप्लात्झवर सकाळी अकरा वाजता नगरभवनाच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजू लागल्या, त्यावर बाहुल्या फिरू लागल्या आणि अनोळखी माणसे एकमेकांना जागा करून देत वर पाहू लागली. तिथून मी 1789 साली स्थापन झालेल्या इंग्लिश गार्डनमध्ये आणि पुढे इजार नदीच्या काठाने अंधार पडेपर्यंत चालले. आपण नव्या शहरातील पहिली सुट्टी कशी घालवली, ते कृपया लिहावे.

साखर पेठ, सध्या मँचेस्टर
मे महिन्याच्या बँक हॉलिडेला मी विज्ञान व उद्योग संग्रहालयात गेलो. 1830 साली सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे जुने स्थानक याच आवारात आहे, पण मला ओढ होती ती आतल्या कापडयंत्रांची. माझे वडील सोलापुरात गिरणीत साच्यावर होते. प्रात्यक्षिक सुरू झाल्यावर मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला, तर चित्र स्थिर होण्याआधीच, केवळ आवाज ऐकून, "धोट्याचा माग आहे, जवळ ने," असे ते म्हणाले. पुढचा अर्धा तास त्यांनीच मला ते संग्रहालय दाखवले, असे म्हटले पाहिजे. आपली जुनी गिरणी 1877 सालची, म्हणजे या शहराच्या कापडधंद्याच्या भरभराटीच्याच काळातली, हे नाते मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

जुळे सोलापूर, सध्या स्टुटगार्ट
भाचीला एवढे आवर्जून सांगावे की ईस्टरचा किराणा गुरुवारी किंवा शनिवारी भरून ठेवावा, कारण शुक्रवारी, रविवारी आणि सोमवारी दुकाने बंद असतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी सोबत असेल तर दिवसभर भटकताना जेवणाची चिंता राहत नाही.

होटगी रोड, सध्या शिजियाझ्वांग, चीन
इथे प्रेक्षणीय स्थळे फारशी नाहीत, असे मला येण्यापूर्वी अनेकांनी सांगितले होते. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगची सुट्टी असते आणि त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या समाध्या स्वच्छ करून तिथे फुले वाहतात. मी त्या सुट्टीत येथील हुतात्मा स्मशानभूमीत गेले, कारण तिथे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला आले आणि 1942 साली, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात आहे. कोटणिसांच्या पुतळ्यासमोर एक आजोबा नातवाला काही समजावून सांगत होते. मी मोडक्या चिनी भाषेत, त्यांच्याच गावाहून आले आहे, एवढे सांगितले, तेव्हा आजोबांनी आपल्या हातातील फुलांपैकी निम्मी मला दिली. या शहरात मी परकी आहे, असे त्यानंतर मला कधी वाटले नाही.

विजापूर रोड; सध्या टोरांटो
वरचा अनुभव वाचून डोळे भरून आले. आम्ही मेमधील व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत लहान मुलीला घेऊन फेरीबोटीने बेटांवर गेलो होतो. पलीकडून 553 मीटर उंच सीएन टॉवर आणि संपूर्ण शहर एका नजरेत दिसते, म्हणून नव्याने आलेल्यांनी टॉवरवर चढण्याआधी हे दृश्य पाहावे, असे मला वाटते.

रेल्वे लाइन्स, सोलापूर
होटगी रोडच्या ताई, आपला अनुभव मी भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. साखर पेठेचे दादा, उन्हाळ्यात माझे सासरे मँचेस्टरला येत आहेत आणि त्यांचेही आयुष्य मागावर गेले आहे. यंत्रे कोणत्या वेळी चालवून दाखवतात, ते कळवाल का?

साखर पेठ, सध्या मँचेस्टर
वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः चौकशी करून त्यांना घेऊन जाईन. माझे वडीलही फोनवर असतील.