मामंजी भर दुपारी मळ्यात जातात आणि पाणी पीत नाहीत, काय करू?

निपाणीकडची सून
नमस्कार. आमचं गाव निपाणीजवळ, घर पत्र्याचं. मामंजी ७६ वर्षांचे. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात एक लघवीची गोळी.

गेल्या आठवड्यात मोटारीची लाईट बारा ते चारच्या पाळीत होती. ऊस वाळतोय म्हणून मामंजी एकटेच पाणी पाजायला गेले. साडेतीन झाले तरी आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर मोटारीच्या खोपीला टेकून बसलेले. अंग चांगलंच तापलेलं. मला नणंदेच्या नावानं हाक मारली आणि म्हणाले, "बैलं सोडलीस का?" आमची बैलं विकून दहा वर्षं झाली. शेजारच्या पोराच्या गाडीवरनं घरी आणलं, ओल्या टॉवेलानं अंग पुसलं. दिवे लागणीपर्यंत नीट बोलायला लागले. घरात सगळे म्हणाले, ऊन लागलं, खिशात कांदा ठेवा. मला मात्र रात्रभर झोप नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. विचारलं तर म्हणतात, "रात्री तीन-चारदा उठावं लागतंय. मोरी परसात. अंधारात पडलो तर तुम्हालाच त्रास." त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून मला उत्तर सुचत नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर त्यांचं ऐकायचे. पाणी कसं पाजू? आणि पत्र्याच्या खोलीत कूलर घेऊन उपयोग होईल का?

चिकोडीची निवृत्त सिस्टर
ताई, तुम्ही वेळेवर गेलात म्हणून वाचले, हे आधी सांगते. बैलांचं विचारलं ना, ती साधी चक्कर नव्हे. उन्हात असलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, त्याचा तोल जाऊ लागला किंवा ते गुंगीत गेलं, की उष्माघात धरूनच चालायचं. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. पुन्हा असं झालं तर घरी बरं व्हायची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहा. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, अंगभर पाणी मारून वारा घालायचा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवायचा. शुद्ध नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतायचं नाही. तापाची गोळीही देऊ नका, तिनं ही उष्णता उतरत नाही. कांदा खिशात राहिला म्हणून बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर अर्धा तास गेला तर माणूस जातं. मी वॉर्डात हे बघितलंय.

अजून एक. १०८ वर बहुतेक कन्नडात बोलणं होतं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला गावाचं नाव, मळ्याची वाट आणि जवळची खूण कन्नडात सांगायला शिकवून ठेवा. अशा वेळी मोठ्यांना शब्द सुचत नाहीत.

पाण्याबद्दल. म्हातारपणी तहान लागायचीच कमी होते, म्हणून "तहान लागली की पितील" हे या वयात चालत नाही. त्यात लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी आणि मीठ आणखी बाहेर जातं. गोळी मनानं बंद करू नका, बीपी किंवा हृदयाचा त्रास वाढेल. पण मला एक सांगा, ती गोळी ते किती वाजता घेतात? चिठ्ठी आणि गोळ्यांचा डबा शेजारी ठेवून बघा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी चालेल तेही डॉक्टरांनाच विचारा. ओआरएसमध्ये मीठ असतं, बीपीच्या माणसाला रोज सरबतासारखं देऊ नका.

अथणीकडचा शेतकरी
वहिनी, आमच्याकडं तुमच्यापेक्षा ऊन जास्त. आई ८१ ची, पत्र्याखालीच राहते. दोन कामं केली. पत्र्याला वरनं पांढरा चुना मारला, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घातला. आणि पत्र्याच्या वर हातभर अंतर ठेवून बांबूवर हिरवी जाळी ताणली. ते अंतर महत्त्वाचं, जाळी पत्र्यावरच टाकली तर उष्णता खालीच उतरते. पूर्वी आम्ही उसाचा पाला टाकायचो, पण एकदा ठिणगी पडली. तेव्हापासून बंद.

कूलर घेतला तर समोरची खिडकी उघडी ठेवा. खोली बंद केली की दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि म्हातारं माणूस आणखी घाबरं होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो. वळीव पडून उकाडा सुरू झाला की त्याचा जोर जातो. नुसत्या पंख्याचंही तसंच. हवा चाळीसच्या आसपास गेली की पंखा गरम वाराच अंगावर मारतो, तेव्हा अंग ओलं करून मगच पंख्याखाली बसवा.

मळ्याचं म्हणाल तर मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवा. पाण्याची दांडं, म्हणजे पाट, फिरवायला कुणीतरी लागतंच, पण निदान बटण दाबायला वडीलधारं माणूस उन्हात जाणार नाही.

शहापूर, बेळगाव
बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत, त्यामुळं इथं ऊन कुणी मनावर घेत नाही. आमची आई एकटी असते, मी पुण्यात. मी दुपारी एकला आणि चारला फोन करतो. "पाणी प्यालीस का" असं विचारलं की ती "हो" म्हणते. म्हणून आता फोन चालू असतानाच प्यायला लावतो, घोट ऐकू येतो. पाणी नको असेल तेव्हा पातळ ताक, नाचणीची आंबील, कलिंगडाची फोड. तांब्याला हात न लावणारी आई आंबील मात्र वाटीभर मागून घेते.

निपाणीकडची सून
सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून डबा काढला. चिठ्ठीवर लघवीची गोळी सकाळी लिहिलेली आहे. मामंजी सगळ्या गोळ्या रात्री जेवल्यावर एकदम घेत होते. सकाळच्या गोळ्या आत्या हातावर ठेवायच्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून कुणी ठेवल्याच नाहीत. मी याच घरात आहे आणि मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

काल त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोडियम थोडं कमी निघालं. गोळीचा डोस त्यांनीच बदलला आणि ती सकाळी न्याहारीनंतरच घ्यायची असं मामंजींना समोर बसवून सांगितलं. संध्याकाळी पाचपर्यंत पाणी जास्त, नंतर घोट-घोट. परसात जायच्या वाटेवर दिवा लावला आणि खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवलं. भांडं बघून आधी रागावले. मग रात्री एकदाच उठले, तेव्हा सकाळी स्वतःच मला सांगायला आले.

या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, मळ्यात हे जातील. चुना रविवारी मारणार. अथणीचे दादा, एका बादलीला फेव्हिकॉल किती घालायचा तेवढं सांगा.