मॉनिटरिंग : संनियंत्रण, देखरेख की निगराणी?

मुक्ताक्षर : नेटवर्क उपकरणांच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. 'डिजिटल डेटा कम्युनिकेशन इक्विपमेंट'च्या कंट्रोल आणि मॉनिटरिंगसाठी मला दिलेल्या प्रतिशब्दांच्या यादीत 'नियंत्रण व संनियंत्रण' आहे. वाचताना एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते. दुसरं काय वापरावं?

शब्दवेडा : 'संनियंत्रण' सरकारी मराठीत चांगलाच रुळलाय. संनियंत्रण समित्या आहेत, 'संनियंत्रण व मूल्यमापन' आहे. तिथे खपतो, कारण समितीने दोन्ही कामं करावीत अशी अपेक्षा असते (प्रत्यक्षात एकही होत नाही, ते सोडा). माझं मत 'निगराणी'ला. 'पाळत' नको, ती संशयितावर ठेवतात.

तारवाला : संनियंत्रण इथे नुसतं कानाला खटकत नाही, अर्थही बिघडवतं. एसएनएमपी घ्या, नेटवर्कवरच्या उपकरणांची खबर घ्यायचा आणि त्यांना हुकूम द्यायचा, १९८८ पासूनचा प्रोटोकॉल. त्यात 'गेट' म्हणजे उपकरणाकडून माहिती मागणं आणि 'सेट' म्हणजे त्यातली एखादी सेटिंग बदलणं. पहिलं मॉनिटरिंग, दुसरं कंट्रोल. दोन्हींचे परवाने वेगळे असतात. जुन्या आवृत्त्यांत परवाना म्हणजे एक साधा शब्द, वाचायला बहुधा 'पब्लिक' आणि लिहायला 'प्रायव्हेट', तोही तारेवरून उघडाच जायचा. आता पुस्तिकेत 'संनियंत्रणाचा अधिकार द्या' असं वाचून कुणी नवख्या पोराला लिहिण्याचा परवाना देऊन टाकला, तर तो बसल्या जागी पोर्ट बंद करू शकेल. म्हणून नियंत्रण आणि देखरेख, असे दोन ठळक वेगळे शब्द हवेत.

मुक्ताक्षर : पटलं. मग 'पोलिंग' आणि 'ट्रॅप'? ट्रॅपला यादीत 'सापळा' आहे.

तारवाला : अरे देवा. इथे कुणी कुणाला पकडत नाही. काही बिघडलं की उपकरण न विचारता आपणहून कळवतं, तो ट्रॅप. 'इशारा' म्हणा. पोलिंगला 'हजेरी' म्हणा, मास्तरांसारखं ठरावीक वेळाने एकेकाला विचारत जायचं. दोन्ही लागतात, कारण ट्रॅप यूडीपीवरून, म्हणजे साध्या टपालासारखा जातो, त्याची पोच येत नाही. इशारा वाटेत हरवला तरी पुढच्या हजेरीला गैरहजेरी दिसते. कामावरचे लोक मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत. 'लिंक डाऊन आहे', 'अलार्म आलाय', 'पलीकडून लूप टाका बघू' (म्हणजे आलेला सिग्नल तिथूनच परत फिरवा), एवढ्यावर भागतं.

शब्दवेडा : 'मॉनिटर'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'मोनेरे' आहे, म्हणजे सावध करणे. तेव्हा इशारा बसतोच. हजेरी जरा शाळकरी वाटते, पण असो.

तारवाला : मुक्ताताई, आणखी एक. पुस्तिकेत 'डीसीई' हे लघुरूप आलं तर जपून. बोलताना लोक त्याचा विस्तार डेटा कम्युनिकेशन इक्विपमेंट असा करतात, पण मानकात 'सी' सर्किटचा आहे : डेटा सर्किट-टर्मिनेटिंग इक्विपमेंट. म्हणजे मोडेमसारखं, सर्किटच्या टोकाला बसणारं उपकरण. त्याच्या समोरचं 'डीटीई', म्हणजे संगणक किंवा राउटर. सरसकट 'डेटा दळणवळण उपकरणे' केलंत, तर केबल जोडण्याच्या प्रकरणात घोटाळा होईल.

मुक्ताक्षर : आहे, चौथ्या प्रकरणात आरएस-२३२ या केबल-जोडणीच्या मानकाच्या तक्त्यात आहे! तिथे 'डीसीई' तसंच ठेवते. बाकी ठिकाणी 'डिजिटल डेटा संदेशवहन उपकरणांचे नियंत्रण व देखरेख'.

शब्दवेडा : निगराणी अजून मागे घेतलेली नाही मी.