मदत हवी आहे: ठाण्याच्या स्पेलिंगमधल्या अक्षरांचे इंग्रजी शब्द (शनिवारच्या आत)

वर्तकनगर_ताई: टी, एच, ए, एन, ई ही अक्षरं असलेले सगळे इंग्रजी शब्द हवे आहेत. दोन दिवस शोधतेय. एका साइटवर मोजकेच येतात, दुसरीवर शेकडो. बरोबर यादी कुठली? शब्दांच्या स्पर्धेसाठी शनिवारी सकाळी छापायला द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

ऐरोलीकर: दोन्ही बरोबर असतील, कारण यात तीन वेगळे प्रश्न आहेत. पाचही अक्षरं याच क्रमाने सलग हवीत? मग इथेन, मिथेन, पॉलियुरेथेन. पाचही हवीत, पण कुठेही आणि इतर अक्षरांसोबत चालतील? मग एलिफंट, पँथर, अँथम. की फक्त या पाचांतूनच शब्द बनवायचेत? मग हीट, हेट, नीट, देन. यातलं काय हवंय?

कोपरी_पूर्व: आणि एक अक्षर दोनदा चालेल का? दातांचा टीथ घ्या: अक्षरं यातलीच, पण टी दोन, ई दोन. कमीत कमी किती अक्षरी शब्द हवेत तेही सांगा.

खारघर_टेकडी: एवढा काथ्याकूट कशाला? स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाची कुठलीही साइट उघडा, पाच अक्षरं टाका, दोन मिनिटांचं काम.

ऐरोलीकर: त्या याद्यांत एच-ए-ई-टी, टी-एच-ए-ई असे स्कॉटिश शब्दही येतात. स्क्रॅबलला वैध आहेत, पण अर्थ कोण सांगणार?

जुने_ठाणे: मुळात हे स्पेलिंग नवं आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत टी-ए-एन-एन-ए-एच असंही सापडतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी आली ती याच स्पेलिंगच्या गावी. स्पर्धा करायचीच तर त्या अक्षरांची करा.

कोपरी_पूर्व: काका, त्यात ई नाही, एन दोन. सगळी यादीच बदलेल. त्यांना शनिवारी छापायचंय.

वर्तकनगर_ताई: सॉरी, सांगायचं राहिलं. पाचवी ते सातवीची मुलं आहेत. फक्त ही पाच अक्षरं, प्रत्येक एकदाच, किमान तीन अक्षरी शब्द. परीक्षकांना उत्तरांची पूर्ण यादी द्यायची आहे. पुढच्या फेरीला वेगळी अक्षरं असतील, म्हणून पद्धतही हवी.

ऐरोलीकर: मग स्वतःची यादी आणि एक्सेल. एनेबल नावाची शब्दयादी सर्वांसाठी खुली आहे, १ लाख ७२ हजारांवर शब्द, सगळे लहान लिपीत, विशेषनामं नाहीत. ती ए स्तंभात, ए२ पासून घ्या. बी२ मध्ये पाच सबस्टिट्यूट (एका अक्षराच्या जागी दुसरं काही घालणारं सूत्र) एकात एक. सगळ्यात आतला असा:

सबस्टिट्यूट(ए२,"टी","",१)

त्याच्याबाहेर एच, मग ए, एन, ई. अक्षरं अर्थात इंग्रजी, लहान लिपीत. शेवटचा १ विसरू नका. त्यामुळे ते अक्षर एकदाच निघतं. तो नसला तर सगळे टी उडतात आणि टीथसुद्धा पास होतो. पूर्ण सूत्राला बाहेरून लेन लावा, म्हणजे किती अक्षरं उरली ते कळेल. शून्य उरलं तर शब्द तुमचा. फिल्टर लावून शून्य निवडा, तीनपेक्षा लहान शब्द काढा.

याच स्तंभातून दुसराही प्रश्न सुटतो. उरलेली संख्या मूळ लांबीपेक्षा बरोबर ५ ने कमी असेल तर शब्दात पाचही अक्षरं आहेत. एलिफंट आठ अक्षरी, उरतात तीन.

कोपरी_पूर्व: फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह करू नका. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, यादी मधेच तुटते आणि टीचे शब्द येतच नाहीत. फाइल आत घेताना स्तंभ टेक्स्ट ठेवा, नाहीतर ट्रू आणि फॉल्स हे शब्द राहत नाहीत, एक्सेल त्यांना होय-नाहीची किंमत समजतं.

खारघर_टेकडी: लिनक्समध्ये वर्ड्स नावाची फाइल आयतीच मिळते की.

कोपरी_पूर्व: तिच्यात ईथन, अथेन्स अशी नावं आणि अपॉस्ट्रॉफीवाले शब्द असतात. वापरलीत तर मोठ्या लिपीचे शब्द आधी काढा. लोअर (सगळी अक्षरं लहान करणारं सूत्र) लावल्यावर नाव कुठलं ते ओळखता येत नाही.

वर्तकनगर_ताई: केलं. एकही शून्य येत नाही. टी-एच-ई-एन समोरसुद्धा १ दिसतोय.

ऐरोलीकर: प्रत्येक शब्दाच्या शेवटी न दिसणारं ओळ संपल्याचं चिन्ह चिकटलंय, तेच मोजलं जातंय. सगळ्यात आतल्या ए२ च्या जागी ट्रिम(क्लीन(ए२)) लिहा. क्लीन ते चिन्ह काढतं, ट्रिम मोकळ्या जागा.

वर्तकनगर_ताई: आला शून्य! खूप खूप आभार. अँट, एट, ईट, चहाचा टी, हॅट, हेन, नेट, टेन, टॅन, द, दॅन, देन, हेट, हीट, नीट हे मुलांना येतील. बाकीचे परीक्षकांच्या यादीत ठेवते. पण टी-एच-ए-एन-ई हाच अख्खा शब्द आलाय. गावाचं नाव म्हणून बाद करू का?

कोपरी_पूर्व: बाद करू नका. थेन म्हणजे स्कॉटलंडमधला, राजाकडून जमीन मिळालेला जुना सरदार. शब्दकोशात तो लहान टीने आहे. परीक्षकांच्या यादीत अर्थासकट छापा, नाहीतर जो मुलगा पाचही अक्षरं वापरेल त्याचेच गुण कापले जातील.