चर्चा: 1818 नंतरही खानदेशात जुन्या कालगणना चालू राहिल्या असत्या तर?

गिरणाकाठ: पेशवाईच्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे सालं मोजायची एक जुनी पद्धत, असे. सूर्य मृगात शिरला की तो बदले, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कचेरीत हळूहळू त्यांचं कॅलेंडर रुजलं. समजा, रुजलंच नसतं. कचेरीत मृगसाल, पेठेत दिवाळी पाडव्याला बदलणारा विक्रम संवत, घरात शालिवाहन शक. शेतकऱ्याचं भलंच झालं असतं! आज मार्चअखेर आली की पीककर्जाच्या वसुलीचा तगादा सुरू, तेव्हा गहू-हरभरा नुकताच खळ्यावरून उचललेला असतो. वर्ष मृगाला संपलं असतं तर माल विकायला दोन महिने मिळाले असते.

सालदाराचा मुलगा: आणि तेरावा महिना? आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी. अधिक महिना पडला की ते 384 दिवसांवर जातं. पगार सालाचा ठरलेला, मग तेरा महिने राबायचं का? सावकार मात्र व्याज महिन्याने मोजणार, तिथेही तेरा. तीन कालगणना असल्या तर लिहिणारा आपल्या सोयीची धरेल. माझ्या बापाला कोण विचारणार होतं?

गिरणाकाठ: मृगसालात अधिक महिना येत नाही, ते सूर्यावर चालतं. नेपाळचं सरकार आजही विक्रम संवतावर चालतं, तिथले महिनेही सौरच आहेत.

मोडीवाचक: साल सूर्याचं, पण तारीख चंद्राची हो! शुहूर सनाच्या कागदांवर मोहरम, सफर असे हिजरी महिने असत. ते चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे एकाच मृगसालात दहा-अकरा तारखा दोनदा येतात. गहाणखताची मुदत अशा तारखेला संपत असेल तर कोणती धरायची? याच घोळात कुळाचं शेत जाऊ शकतं.

रावेरकर: बुऱ्हाणपूर तर मोगलांच्या खानदेश सुभ्याची, म्हणजे प्रांताची, राजधानी, रावेरहून हाकेच्या अंतरावर. पण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपल्या पोळ्याची श्रावण अमावास्या तिकडे भाद्रपदाची. श्रावण वद्य दशमीला केळीचा ट्रक भरला, तर दिल्लीचा व्यापारी बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) कोणता महिना वाचेल? माझा या कल्पनेला साफ विरोध.

गिरणाकाठ: महसुली वर्ष आजही 1 ऑगस्टला सुरू होतं, आर्थिक वर्ष 1 एप्रिलला. दोन वर्षं नांदतातच ना? पीककर्जापुरतं तिसरं, मृगाचं, नांदू द्या.

सालदाराचा मुलगा: कर्जापुरतं चालेल. मजुरी मात्र दिवसावर मोजा, आणि तसं कागदावर लिहून द्या.